जुदित्ता पास्ता : "आवाज सदोष, मग थोर कशी?" याला उत्तर

कॉमेंट एवढी सविस्तर लिहिलीत, आभार. जुदित्ता पास्ता या एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन ऑपेरा गायिकेवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की १८१७ ला लंडनने जिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, जिचा आवाज एकसंध नव्हता असं मीच लिहिलंय, तिला थोर म्हणणं म्हणजे पॅरिसच्या फॅशनला भुलणं. मला हे बिलकुल पटत नाहीये.

लंडनला गेली तेव्हा पोरगी १९ वर्षांची होती हो, किंग्ज थिएटर या ऑपेरागृहात नवखी, पडली. पण मग इटलीला परत जाऊन पुन्हा शिकायला बसली, १८२१ ला पॅरिसमध्ये संगीतकार रॉसिनीच्या 'ओतेल्लो' ऑपेरात नायिका देस्देमोनाची भूमिका गायली आणि पॅरिस अक्षरशः वेडं झालं, आणि १८२४ ला तीच देस्देमोना घेऊन पुन्हा त्याच किंग्ज थिएटरात उभी राहिली आणि यावेळी लंडनने तिला डोक्यावर घेतलं. याला फॅशन कसं म्हणायचं?

आता आवाज. त्यात जोड कळायचे, वरचे सूर आणि खालचे सूर वेगवेगळ्या जातीचे वाटायचे, मान्य. पण फ्रेंच लेखक स्तांदालला ते ऐकू येत नव्हतं का? रॉसिनीवरच्या पुस्तकात त्याने पास्तावर अख्खं प्रकरण लिहिलंय, आणि त्याचा मुद्दाच हा आहे की हा आवाज एकाच धातूचा नाही आणि म्हणूनच तिला एवढे भाव दाखवता येतात. संगीतकार माय्रच्या ऑपेरातली तिची मेदेआची भूमिका गाजली ती उगाच नाही, पोटच्या पोरांवरची माया आणि त्यांनाच मारायचा निश्चय, दोन्ही एकाच गळ्यातून यायला हवं, तिथे गुळगुळीत आवाज काय कामाचा? आणि संगीतकार बेल्लिनीने १८३१ या एकाच वर्षात 'ला सोन्नाम्बुला' ऑपेरातली भोळी अमिना आणि 'नॉर्मा' ऑपेरातली नॉर्मा, दोन्ही भूमिका तिच्यासाठीच लिहिल्या.

१८५० ला ती लंडनला पुन्हा गायली तेव्हा गळा पार गेला होता. श्रोत्यांत पोलीन व्हिआर्दो होती, स्वतः केवढी मोठी गायिका, पास्ताला पहिल्यांदाच ऐकत होती, डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, हे दा व्हिंचीच्या मिलानमधल्या 'लास्ट सपर'सारखं आहे, चित्राची पडझड झालीये, पण चित्र जगातलं सगळ्यात थोर. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. 'नॉर्मा'ची पहिलीच रात्र गाजली असं मी लिहिलं होतं, ते चूक. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात पहिल्या रात्री ऑपेरा पडला, नंतरच्या प्रयोगांत उचलला गेला. लेखात आत्ताच दुरुस्त केलंय.