पाडव्याची पहाट, पदरचा पैसा न मोडता

दिवाळी पाडव्याच्या पहाटे नाशिकमध्ये एकाच वेळी किती ठिकाणी गाणं चालू असतं, याचा हिशेब कुणी ठेवत नसावं. जुन्या गावात नेहरू चौकात पिंपळपारावर, गंगापूर रोडला, इंदिरानगरला, सिडकोत, नाशिकरोडला. शिवाय महापालिकेला उभं राहायची इच्छा असलेला माणूस जिथे जिथे राहतो, तिथे त्याच्या कॉलनीच्या तोंडाशी. बहुतेक सगळीकडे प्रवेश विनामूल्य. आता इतकं सगळं फुकट असताना एकाच ठिकाणी मांडी ठोकून तीन तास गाणं ऐकायचं, म्हणजे बाकीच्या चार ठिकाणचं फुकट वाया घालवायचं. सुजाण नागरिकाने हे नुकसान सोसू नये.

तयारी वसुबारसेपासूनच सुरू करा. निमंत्रणं व्हॉट्सॲपवर येऊन पडतातच. ती वाचायची एक पद्धत आहे. वरच्या अर्ध्या भागात हात जोडलेले फोटो असतात, ते सोडून द्या. त्याखाली गायकाचं नाव असतं, तेही सोडून द्या. त्याखाली मुंगीच्या अक्षरात तबला, संवादिनी, तालवाद्य अशी साथीदारांची नावं असतात, ती तशीही वाचता येत नाहीत. नजर थेट तळाशी न्या. ‘उपस्थितांना उटणे व पणती भेट’, ‘चहा व फराळाची सोय’, ‘पहिल्या शंभर श्रोत्यांना सुगंधी साबण’. तुमचं वेळापत्रक या ओळीवर बसवायचं. साबण आधी, उटणं मग, फराळ शेवटी. कारण फराळ हातात घेऊन स्कूटर चालवता येत नाही.

काही ठिकाणी प्रवेशिका लागतात. त्या एखाद्या मेडिकलमध्ये किंवा वाण्याच्या दुकानात ठेवलेल्या असतात. घरात दोनच माणसं असली तरी सहा घ्या. ‘पाहुणे येणारेत’ एवढं म्हटलं की पुरतं. उरलेल्या चार प्रवेशिकांचं काय करायचं? काही नाही. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. मैफलीत चार खुर्च्या रिकाम्या राहतील आणि बाहेर चार माणसं उभी राहतील, पण फुकटची वस्तू आपण घेतली नाही ही रुखरुख तरी उरणार नाही.

आता वेळ. निमंत्रणावर पहाटे 5 छापलेलं असतं. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचे, असा 2000 सालचा केंद्राचा नियम आहे, पण छापणाऱ्याला पहाट म्हटल्यावर 5 शिवाय दुसरा आकडा सुचत नाही. या नियमाशी जोडलेली एक लांबलचक गोष्ट आहे, ती घाईघाईत सांगतो. पूर्वी रात्र उजाडेपर्यंत मैफली चालायच्या. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग झाले की ललित, भटियार आपल्या पावलांनी यायचे. खुल्या मैफली दहाच्या आत गुंडाळायला लागल्यापासून पहाटेच्या रागांना मंचच उरला नाही. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानने 1980 च्या दशकातच दिवाळी पहाट सुरू केली होती, ती प्रथा गावोगाव पसरली आणि या रागांना वर्षातून एकदा का होईना, त्यांच्या वेळेला गाठायची सोय झाली. म्हणजे ललित प्रत्यक्ष, उजाडता उजाडता, समोर बसून ऐकायचा असेल तर सर्वसामान्य माणसाला ही जवळजवळ एकच संधी. पण तुम्हाला अजून चार ठिकाणं करायची आहेत, तेव्हा हे डोक्यातून काढून टाका.

पहिल्या ठिकाणी लवकर पोचा आणि खुर्च्या धरा. एका खुर्चीवर शाल, एकीवर रुमाल, एकीवर पाण्याची बाटली, एकीवर घरच्या चाव्या. कुणी विचारलं तर ‘येतायत’. कोण येतंय हे विचारण्याइतका उद्धट माणूस पाडव्याला नवे कपडे घालून बाहेर पडत नाही. पहिल्या दोन रांगांतले सोफे मात्र विसरा. ते पांढऱ्या अभ्र्यांसकट मान्यवरांसाठी असतात. मान्यवर साडेसहाला येतात, आले की गाणं थांबतं, सत्कार होतो, आणि सातला ते पुढच्या पहाटेला रवाना होतात. त्यांच्याकडे नीट बघा. आपण आज जे शिकतो आहोत, त्यातले हे पदवीधर.

एवढ्यात मंचावर एक प्रकार चालू असतो. गाणाऱ्या बाई मधे बसलेल्या असतात, मागे दोन विद्यार्थिनी तानपुरे घेऊन. ललितात पंचम हा सूर नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवावी लागते. खुंटी जरा पिळायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा पिळायची. मग खाली मणी केसभर सरकवायचा. मग घोडीवरच्या तारेखालचा दोरा नखाने पुढेमागे करायचा, म्हणजे जवारी खुलते आणि एका तारेतून दहा आवाज निघाल्यासारखे वाटतात. एकीकडे अंगावर दव, दुसरीकडे तोंडावर हॅलोजन. लागलेली तार दोन मिनिटांत उतरते. पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही तानपुरे जुळतात तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांचं खिदळणंही क्षणभर थांबतं.

हा क्षण फार सांभाळायचा. याच वेळी घड्याळाकडे बघून शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, ‘अजून साऊंडचेकच चाललंय यांचं!’ शेजारी हसला तर तो तुमच्यातला. नाही हसला तर तो ऐकायला आलेला आहे. त्याच्यापासून दूर बसा, हे लोक पुढे जाऊन ‘शूऽऽ’ करतात.

आलाप सुरू झाला की मोबाइल वर धरा. डोक्याच्या वर, दोन्ही हातांनी, उजेड पूर्ण वाढवून. मागच्याला मंच दिसत नाही असं वाटेल, पण त्याला तुमच्या पडद्यावर दिसतो, आणि तोही फुकट. चाळीस सेकंद पुरे. त्यावर ‘सूरमयी पहाट’ लिहून स्टेटसला टाका. रागाचं नाव लिहायचं असेल तर बिनधास्त ‘भूप’ लिहा. तो संध्याकाळचा राग आहे हे ज्यांना कळतं ते तुमचे स्टेटस बघत नाहीत.

पूर्ण मैफल ऐकल्याचं समाधान चाळीस सेकंदांत मिळत नाही, अशी तक्रार काही हळवे लोक करतात. त्यावर फर्माईश हा उपाय आहे. मैफल भैरवीने संपते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याचाच अर्थ, भैरवी ऐकली की मैफल संपली. तेव्हा विलंबित ख्याल नुकता समेवर येत असताना चिठ्ठी पाठवा: ‘कृपया भैरवी. आम्हाला नाशिकरोडला जायचे आहे.’ बाई चिठ्ठी वाचतील, हसतील, तबलजीला दाखवतील, तोही हसेल. हसू द्या. आग्रह धरून पाचही ठिकाणी भैरवी मिळवलीत तर हिशेबाने पाच पूर्ण मैफली झाल्या.

मग प्रवास. नाशिकरोडहून गंगापूर रोड दहा-बारा किलोमीटर. मधे द्वारका चौकातली कोंडी आहे, तिच्याबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सिंहस्थाच्या कामांसाठी कुठला रस्ता उकरला असेल ते आदल्या रात्रीपर्यंत निश्चित नसतं. रिक्षा करायची म्हणाल, तर मीटर ही आपल्या गावात शोभेची वस्तू आहे, आणि पाडव्याच्या पहाटे रिक्षावाला जो आकडा सांगेल तो त्याचा बोनस समजायचा. स्वतःची दुचाकी बरी. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, पण तो खर्च वाहनाच्या खात्यात जातो, संगीताच्या नाही. अशी खाती वेगळी ठेवली की संगीतावरचा खर्च वर्षानुवर्षं शून्य राहतो.

शून्याला धोका एकाच गोष्टीचा. दाराशी कधीकधी एक कार्यकर्ता डबा घेऊन उभा असतो. डब्यावर ‘ऐच्छिक सहयोग’ लिहिलेलं. असा डबा दिसला की दोन्ही हात जोडून कार्यकर्त्याला भरघोस नमस्कार करा आणि ‘फार मोठं काम करताय तुम्ही’ म्हणा. जोडलेले हात खिशात जात नाहीत. श्रोत्याने पैसे टाकायचे, ही मूळ चूक आपल्याच गावाशी नातं असलेल्या एका गायकाची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी राजवाड्यात आणि देवळात अडकलेलं गाणं चव्हाट्यावर आणलं, सामान्य माणसाला परवडेल असं तिकीट लावून जाहीर जलसे केले, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे ते पंचवटीत आश्रम काढून राहिले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय 1921 मध्ये जन्मले तेही नाशिकचेच. गाणाऱ्याने कुणा सरदाराच्या मर्जीवर जगू नये, श्रोत्याने आपल्या ऐपतीप्रमाणे दोन पैसे टाकावेत, असा त्यात हिशेब होता. आपण तो दुरुस्त केला आहे. श्रोत्याने दमडी टाकायची नाही आणि गाणाऱ्याने पुन्हा सरदाराच्याच मर्जीवर यायचं. फरक इतकाच की हल्लीच्या सरदाराचा फोटो फ्लेक्सवर गाणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

साडेआठ-नऊला भूक लागते. इथे मात्र काटकसर करू नका. सहकुटुंब मिसळीला जा. तर्री, पापड, दही, गुळाची जिलबी, वरून चहा. प्लेट कधीच शंभरी पार गेली आहे, आणि पाडव्याला टेबलासाठी तासभर उभं राहावं लागतं. गाण्याला अर्धा तास उशीर झाला म्हणून निषेध नोंदवणारा तोच माणूस इथे टोकन हातात घेऊन आनंदाने ताटकळतो, आणि पाच माणसांचं बिल न बघता देतो. यात विसंगती काही नाही. मिसळ पोटात जाते.

एका अपघाताची मात्र आधीच कल्पना देऊन ठेवतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या ठिकाणी तुमच्यासोबतचं कुणीतरी खरंच ऐकायला लागतं. बहुधा बायको. लक्षणं ओळखायला सोपी आहेत: पर्स मांडीवर स्थिर, नजर कुठेच नाही, उजव्या हाताची बोटं नकळत मात्रा मोजतायत. ‘निघू या का?’ला उत्तर येत नाही. इथे ताबडतोब हालचाल करा. कानाशी जाऊन विचारा, ‘गॅस बंद केलास ना?’ त्याने भागलं नाही तर, ‘गाडी नो-पार्किंगमध्ये आहे.’ बाई गात असलेली जागा नाजूक असेल तर हे दोन्ही एकदम विचारा. उठते. उठताना एकदा मागे वळून बघते, तेवढं चालवून घ्या. पुढच्या ठिकाणी साबण संपत आलेले असतात.

दुपारी ओवाळायला बसल्यावर तबकात काय टाकायचं, हा पाडव्याचा सगळ्यात महागडा प्रश्न. पाच मैफली दाखवल्या हीच यंदाची ओवाळणी, असं सांगून पाहायला हरकत नाही. उत्तर साधारण असं येतं:

‘अहो, एका ठिकाणी शेवटपर्यंत बसू दिलं असतंत, तर तेवढ्यावर भागवलं असतं मी.’

तेव्हा सोन्याचा भाव आदल्या दिवशीच बघून ठेवा.