उरलेला त्रिकोण

नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच मीटिंगला मी एक चूक केली, "मुलांनी खेळायचं कुठे?" असं विचारलं. उत्तर कुणाकडेच नसलं की विचारणाऱ्यालाच कमिटीत घेतात हे मला काय माहीत! पाच मिनिटांत मी प्ले एरिया समितीचा अध्यक्ष, आणि एकमेव सदस्यही.

ब्रोशरमध्ये इतकी हिरवळ होती की बिल्डिंग नक्की बांधणार कुठे असं वाटावं. मंजूर नकाशा मागवला तर त्यात पार्किंग, रॅम्प, ट्रान्सफॉर्मर, फायर ब्रिगेडची गाडी वळवायची जागा, सगळं कसं चौकोनात, आणि सगळं बेतून झाल्यावर शिंप्याकडे चिंधी उरते तसा ट्रान्सफॉर्मरला चिकटून एक त्रिकोण, त्याच्यावर लिहिलेलं 'चिल्ड्रन्स प्ले एरिया'. बाकीची ओपन स्पेस कुठेय म्हणून विचारलं तर ती पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छपरावर. तिथे माती वीतभर. मोठं झाड लावलं तर मुळं खाली गाड्यांवर लोंबायची, म्हणून नुसत्या कुंड्या.

त्रिकोणात एक स्टीलची घसरगुंडी, तिचं तोंड बरोब्बर पश्चिमेला. मी बिल्डरच्या माणसाला म्हटलं, अहो उत्तरेला तोंड केलं असतं तर एवढी तापली नसती. तो म्हणाला, "साहेब, व्ह्यू पश्चिमेला आहे." दुपारी चारला मी तिच्यावर हात ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या उचलला. शेजारचा झोका पूर्ण पुढे गेला की पोराचे पाय थेट पार्क केलेल्या गाडीच्या आरशाला लागतात. आणि खाली पेव्हर ब्लॉक. युरोपात ईएन ११७६ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात पडण्याची उंची जास्तीत जास्त ३ मीटर आणि खालची जमीन पोराला झेलेल अशी हवी, हे सगळं मी रात्री जागून वाचलेलं. म्हटलं, हे जरा कडक नाही का? तो खूश होऊन म्हणाला, "एकदम! वीस वर्षं काही होणार नाही." ब्लॉकला.

पुढच्या मीटिंगला त्या एवढ्याशा त्रिकोणात लोकांना बाक, वॉकिंग ट्रॅक, योगा डेक आणि कुत्र्यांसाठी कोपरा असं सगळंच हवं होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना फक्त शांतता. मी संयुक्त राष्ट्रांचा १९८९चा बालहक्क करार काढला, कलम ३१, खेळणं हा मुलांचा हक्क. काकांनी शांतपणे विचारलं, "आवाजाचं काही लिहिलंय का त्यात?"

खरी गंमत म्हणजे पोरं त्रिकोणाकडे फिरकतच नव्हती. गेटजवळ बांधकामातून उरलेला वाळूचा ढीग आणि चार फुटके पाइप पडलेले, अख्खी बिल्डिंग तिथे. मैदानं आखणारे डेन्मार्कचे सी. टी. सोरेन्सन यांनाही हेच दिसलं होतं, की पोरं सजवलेलं मैदान सोडून भंगारातच रमतात, आणि मग १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुपला मुद्दाम भंगाराचंच मैदान झालं. आणि उरलेल्या जागेचंच म्हणाल तर डच आर्किटेक्ट आल्डो व्हॅन आयक यांनी १९४७ पासून आम्सटरडॅमच्या रिकाम्या कोपऱ्यांमध्ये शेकडो मैदानं केली, म्हणजे माझा राग जागा उरलेली आहे याच्यावर नाहीच, उरल्यावर कुणी तिच्याकडे बघितलं नाही याच्यावर आहे.

तर मी ठराव मांडला की ढीग राहू द्या. चर्चा पाऊण तास. शेवटी ढिगात बोर्ड रोवला, 'बांधकाम साहित्य. मुलांनी वर चढू नये.' पत्र्याचा, चांगला गुळगुळीत.

संध्याकाळी जाऊन बघतो तर बोर्ड उपटलेला, अक्षरं खाली, आणि पोरं त्याच्यावर बसून ढिगावरून सुसाट खाली येतायत. पत्रा थंडगार. मी इकडेतिकडे बघितलं, दुसऱ्या मजल्याची खिडकी बंद होती, हळूच विचारलं, "लाइन कुठून आहे रे?"

"मागून, काका. तुमचा सातवा नंबर."