अक्षरं बारीक दिसतायत? आधी चष्म्याचा नंबर वाढवून घ्या

परवा रोजच्या वापरातल्या एका प्रोग्रॅमनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि त्याच्या मेनूतली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी झाली. मदतकक्षाकडून तीन ओळींचं उत्तर आलं: कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या पिक्सेलची संख्या) कमी करा, नाहीच जमलं तर प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका. एवढं ज्ञान एकट्यानं पचवणं बरं नव्हे. म्हणून त्यात पदरची थोडी भर घालून इथे वाटून टाकतो आहे.

तर सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. प्रोग्रॅम चुकूच शकत नाही. कुणी हिशेबी माणूस तुम्हाला सांगेल की विंडोज एका इंचात 96 पिक्सेल धरतं, त्यामुळे मेनूतल्या 9 पॉइंटच्या अक्षराला 12 पिक्सेल उंची मिळते. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर हे 12 पिक्सेल साधारण 3.3 मिलिमीटर भरतात, 14 इंची फुल एचडी लॅपटॉपवर 1.9 आणि 15.6 इंची फोर-के लॅपटॉपवर जेमतेम 1.1. अशा माणसाच्या नादी लागू नका. पट्टी घेऊन स्क्रीन मोजत बसणारी माणसं सुखी नसतात. नंबर वाढवून घ्या आणि गप्प बसा.

नंबर वाढवूनही दिसत नसेल तर रिझोल्यूशन कमी करा. हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. 1920 बाय 1080 ची स्क्रीन 1366 बाय 768 वर आणली की अक्षरं मोठी होतात, यात खोटं काही नाही. आता एलसीडीचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात, ते काही तुमच्या सांगण्यावरून कमी होत नाहीत. मग चित्रातला प्रत्येक पिक्सेल सुमारे 1.4 ठिपक्यांवर पसरावा लागतो, आणि ठिपक्याचा चार दशांश भाग पेटवता येत नाही. म्हणून शेजारच्या ठिपक्याला करडा रंग फासून वेळ मारून नेली जाते. जिथे काळीभोर उभी रेघ होती तिथे धुकं. एका प्रोग्रॅमचा मेनू दिसावा म्हणून उरलेल्या सगळ्या स्क्रीनचं वाटोळं, आणि वर 'आता दिसतंय ना?' हा प्रश्न. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरला हे खपून जायचं. सल्ला तेव्हाचा आहे. सल्लागारही तेव्हाचाच असावा.

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेनं गेलात तर 'स्केल' नावाची गोष्ट भेटेल: 100, 125, 150 टक्के वगैरे. तिला ओळख देऊ नका. रिझोल्यूशन पूर्ण ठेवून स्केल वाढवलं की तेच अक्षर जास्त ठिपक्यांत कोरलं जातं, म्हणजे मोठं होतं आणि रेखीवही राहतं. इतक्या सोप्या उपायात कसला पुरुषार्थ?

चुकून स्केल बदललंच, तर साइन आउट मात्र करू नका. जुने प्रोग्रॅम नवा आकडा पुढच्या साइन-इनलाच वाचतात, त्यांची झोप कशाला मोडायची.

स्केल आणि 'टेक्स्ट साइज' यांचा घोळ जरूर घाला. टेक्स्ट साइजची पट्टी ॲक्सेसिबिलिटीत असते आणि 100 पासून 225 टक्क्यांपर्यंत जाते. ती फक्त अक्षरांपुरती. ती थेट 225 वर न्या. विंडोजची स्वतःची पानं तिचं ऐकतील, बरेच जुने प्रोग्रॅम ढिम्म हलणार नाहीत, आणि काही अर्धवट ऐकतील: मेनू मोठा, आतला मजकूर तेवढाच, बटणावर 'सेव्ह ॲज'च्या जागी 'सेव्ह ॲ'. आणि एखादी चौकट इतकी उंच होईल की तिचं 'ओके' बटण स्क्रीनच्या खाली तळघरात जाईल. तिथे पोचायचा चोररस्ता आहे: ऑल्ट आणि स्पेसबार, मग एम, मग बाणाच्या कळीनं चौकट वर ढकला. नाहीतर सरळ एंटर मारा. बहुतेक चौकटींत एंटर म्हणजे ओकेच असतं. त्यातला 'बहुतेक' तेवढा लक्षात असू द्या.

डॉक्युमेंट वाचताना कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा आणि 'फाँट मोठा केला' असं जाहीर करा. तो झूम आहे. कागदावर 11 पॉइंटच उमटतील.

आता मुख्य प्रयोग. बिघडलेल्या प्रोग्रॅमच्या ईएक्सई (तो चालू करणाऱ्या) फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' (डीपीआय म्हणजे एका इंचातले ठिपके), आणि तळाशी ओव्हरराइडची चौकट. तिथे तीन पर्याय आहेत. डोळे मिटून एक निवडा, कुठला निवडला ते विसरा, आठवड्यानं दुसरा निवडा. 'ॲप्लिकेशन' घेतलात तर विंडोज हात झटकून मोकळं होतं, प्रोग्रॅम जाणे आणि तुम्ही जाणा. 'सिस्टिम' घेतलात तर अक्षरं मोठी पण धुरकट. 'सिस्टिम एन्हान्स्ड' हा 2017 मध्ये आलेला पर्याय मोठी आणि रेखीव अक्षरं देऊ शकतो, पण जीडीआय या जुन्या पद्धतीनं काढलेलीच. प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीनं अक्षरं काढत असेल तर फारसा फरक नाही, आणि कधीकधी आयकॉन एकमेकांवर चढतात.

असं का होतं, हे विचारू नये. विचारलं तर राग येतो. 2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आलं तेव्हापासून नियम साधा आहे: प्रोग्रॅमनं आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकात, विंडोजला सांगायचं की मला डीपीआय कळतं. नाही सांगितलं तर विंडोज त्याला 96 चाच भास करून देतं, त्याच्याकडून 100 टक्क्यांचं चित्र काढून घेतं आणि फोटो ताणावा तसं ते ताणून दाखवतं. म्हणून पुसट. सांगितलं तर विंडोज मध्ये पडत नाही, मोठं करायची जबाबदारी प्रोग्रॅमची. आणि सगळी लबाडी इथेच आहे. 'मला कळतं' ही ओळ लिहायला एक मिनिट लागतं. आत जागोजागी कोंबलेले '12 पिक्सेल' आणि '80 पिक्सेल' शोधून ते स्केलनं गुणायला महिने लागतात. मग पहिलं काम उरकलं जातं, दुसरं 'पुढच्या आवृत्तीत' जातं. अर्जात 'पोहता येतं' असं लिहायचं आणि विहिरीत ढकलायचं मात्र गिऱ्हाइकाला.

तेव्हा रोगी लक्षणावरून ओळखता येतो, त्याला रीस्टार्ट लागत नाही. अक्षरं मोठी पण धुरकट असतील तर प्रोग्रॅम काही बोललाच नाही; त्याला 'सिस्टिम एन्हान्स्ड' देऊन बघायचं. बारीक पण धारदार असतील तर प्रोग्रॅम खोटं बोलला. त्याला आधी 'सिस्टिम एन्हान्स्ड', नाही जमलं तर 'सिस्टिम'. काल ठीक होता आणि अपडेटनंतर बिघडला, तर दोनच संशयित: नव्या आवृत्तीत ती फुशारकीची ओळ शिरली, किंवा नवी आवृत्ती नव्या फोल्डरात जाऊन बसली. कंपॅटिबिलिटीतली निवड फाइलच्या पत्त्याला बांधलेली असते, पत्ता बदलला की ती पोरकी होते आणि पुन्हा लावावी लागते. हे मदतकक्षाला दोन ओळींत सांगता आलं असतं. तीन ओळी तर त्यांनी खर्च केल्याच होत्या.

असो. मी सल्ले देत होतो.

लॅपटॉप 150 टक्क्यांवर आणि जोडलेला मॉनिटर 100 वर ठेवून खिडकी इकडून तिकडे ओढत राहा, छान करमणूक होते. मधल्या काळातले, म्हणजे डीपीआय कळतं पण मॉनिटरगणिक वेगळं कळत नाही असे प्रोग्रॅम साइन-इन करताना मुख्य मॉनिटरचा जो आकडा होता तोच दिवसभर धरून बसतात. दुसऱ्या मॉनिटरवर गेले की पुन्हा ताणाताण. ज्या मॉनिटरवर काम करता तोच मुख्य ठरवून साइन आउट करून परत आलात तर त्यावर तरी अक्षरं स्वच्छ होतात, पण मग करमणूक जाते.

मॉनिटर उभा फिरवला असेल आणि अक्षरांच्या कडेला लाल-निळी झालर दिसत असेल तर झालरीचं कौतुक करा. क्लिअरटाइपचा, म्हणजे अक्षरं रेखीव दाखवायच्या विंडोजच्या तंत्राचा, सगळा खेळ ठिपक्यातले लाल, हिरवा आणि निळा भाग आडव्या ओळीत आहेत या समजुतीवर चालतो; मॉनिटर उभा केला की ते एकावर एक येतात.

मराठी मजकुराला खास वागणूक द्यायला हवी. वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या फाँटच्या खिडकीत, मराठी भाषा जोडलेली असेल तर, दोन घरं दिसतात: एक लॅटिन मजकुराचं, दुसरं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचं. दोघांचा फाँट वेगळा, आकार वेगळा. स्टाइल बदलताना पहिल्याच घरात 14 लिहा आणि मराठी 11 वरच का अडलं म्हणून वर्डला शिव्या द्या. लिब्रे ऑफिसमध्ये याच दुसऱ्या घराला सीटीएल म्हणतात; शिव्या त्याच चालतील. मग परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली 12 पॉइंट' करा. इंग्रजी त्यात मावतं. मराठीत वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं असतात, त्यांची मुंडकी आणि पाय बिनचूक छाटले जातात. 'ॲट लीस्ट' किंवा 'मल्टिपल' केलं तर सगळे अवयव परत येतात.

अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर व्हायरस आला म्हणून आरडाओरडा करा. त्या फाँटात ते अक्षरच नाही, एवढाच त्या चौकोनाचा अर्थ. विंडोज 10 पासून मंगल, कोकिळा, अपराजिता वगैरे फाँट 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या नावानं ऑप्शनल फीचर्समध्ये ठेवले आहेत. मागितल्याशिवाय ते येतीलच असं नाही. निर्मला यूआय मात्र आधीपासून असतो.

आणि सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी घरं पाडलेली साध्या मजकुराची यादी. ती नेहमी डबल क्लिक करूनच उघडा. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. फाइलच्या तोंडाशी हे एन्कोडिंग सांगणारी खूण नसेल तर एक्सेल त्यातला एकेक बाइट सुटा वाचतं, आणि तुमच्या यादीतली सगळी नावं टिकली लावलेला इंग्रजी ए, चलनाचं गोल चिन्ह आणि जपानी येन यांच्या रांगा होऊन बसतात. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही' घेऊन फाइल ओरिजिन 65001 (म्हणजे यूटीएफ-8) निवडलं की मराठी जशीच्या तशी येते. पण येन दिसल्यावर घाबरून फाँट बदलत बसणं जास्त पारंपरिक आहे. उलट दिशेनंही गंमत आहे: मराठी मजकूर जुन्या एएनएसआय एन्कोडिंगमध्ये सेव्ह केला की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. येनमधून मराठी परत काढता येते. प्रश्नचिन्हांतून काहीच परत येत नाही. सेव्ह करताना चेतावणी येते, ती आपण वाचत नाही.

डिझायनर मंडळींसाठीही एक सूचना: अक्षरं बारीक करून भागत नाही, ती फिकटही करा. पांढऱ्यावर करडं, करड्यावर जरा जास्त करडं. वाचनीयतेसाठी साध्या मजकुराच्या अक्षरांचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजेडातलं अंतर) कमीत कमी 4.5 ला 1 असावं असा जगमान्य निकष आहे. 777777 या कोडचा करडा पांढऱ्यावर 4.48 भरतो, म्हणजे काठावर नापास. तुम्ही घेता तो करडा याहूनही फिकट असतो, आणि त्याला 'स्वच्छ लूक' म्हणता. दिसतच नाही म्हटल्यावर स्वच्छच की.

आता पुरे झाली थट्टा. प्रत्येक मॉनिटरचं स्केल वेगळं असू शकतं, हे विंडोजनं 8.1 मध्ये म्हणजे 2013 साली मान्य केलं. खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेली की चौकटींसकट सगळं नव्या मापात बसवायची सोय 2017 मध्ये दिली. आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनो, तुम्ही अजून 100 टक्क्यांच्या 24 इंची मॉनिटरसमोर बसून 'आमच्याकडे तर नीट दिसतंय' म्हणता. दिसणारच! तुमच्याकडेच मोजून शिवलंय ते! एकदा, फक्त एकदा, विकण्याआधी 150 वर लावून बघा, 200 वर बघा, वेगळ्या स्केलचा दुसरा मॉनिटर जोडून खिडकी ओढून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. आकडे पिक्सेलमध्ये ठोकू नका. बटणाची रुंदी त्यावरच्या शब्दावरून ठरू द्या. फाँटचा आकार बदलायची सोय सेटिंगमध्ये द्या, ती नसणं हा 'साधेपणा' नाही, आळस आहे. आणि मॅनिफेस्टमध्ये जे कळत नाही ते कळतं म्हणून लिहू नका. त्यापेक्षा पुसट परवडलं, निदान वाचता तरी येतं.

मदतकक्षात बसणाऱ्यांनी रीस्टार्ट सांगण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: स्केल किती, मॉनिटर किती, अक्षरं पुसट आहेत की बारीक. उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा तिथेच निदान होतं. रिझोल्यूशन हा शब्द माझ्याजवळ पुन्हा काढायचा नाही.

आणि ते तळघरातलं 'ओके' आधी वर आणा.