आधी ती बारीक अक्षरांतली टीप वाचा

कंपनीचा वार्षिक अहवाल मी मागून वाचायला घेतो. रंगीत फोटो, अध्यक्षांचं पत्र नंतर. आधी ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप. मालकांच्या घरच्यांना, त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांना किती दिले, ते तिथे कळतं. ही सवय केर्न इंडिया या तेल कंपनीच्या प्रकरणाने लावली.

राजस्थानात बारमेरला केर्नचं मंगला तेलक्षेत्र २००४ साली सापडलं, २००९ मध्ये तेल यायला लागलं. ते इतकं मेणचट, की थंड झालं तर नळातच गोठतं. म्हणून थेट गुजरातपर्यंतची पाइपलाइन कायम गरम ठेवावी लागते. खर्चाचं काम. शिवाय क्षेत्र जुनं होईल तसा दाब उतरतो, तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. नव्या विहिरी खणत राहावंच लागतं. अशा कंपनीच्या तिजोरीतली रोकड म्हणजे पुढच्या विहिरींचे पैसे.

२०११ च्या अखेरीस ही कंपनी वेदांत समूहाकडे गेली. आपल्या गोव्याच्या सेसा गोवानेही तेव्हा केर्नमध्ये हिस्सा घेतला होता. आणि जुलै २०१४ मध्ये तिमाही निकालांसोबत कळलं, की केर्नने समूहातल्याच एका कंपनीला १२५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलंय, त्यातले ८० कोटी देऊनही झालेत! दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ७ टक्के पडला.

व्याज बाजाराला धरून आहे, सगळं नियमात आहे, असं कंपनीचं म्हणणं. पण छोट्या भागधारकांना कुणी विचारलं? सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून सेक्रेटरीने मेहुण्याला कर्ज दिलं, तर व्याज किती हे आपण नंतर विचारू. सभेला न विचारता दिलंच कसं, हे आधी. अशा मोठ्या व्यवहारांवर संबंधित पक्षांनी स्वतः मत द्यायचं नाही, हा शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा नियम १ ऑक्टोबर २०१४ ला लागू झाला. कर्ज त्याआधीच गेलं होतं. आणि जूनमध्ये बॅरलमागे ११० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१५ मध्ये ५० च्या खाली आलं. हाताशी पैसा हवा तो नेमका तेव्हा.

‘आमचे शेअर नाहीत, आम्हाला काय’ म्हणू नका. केर्नमध्ये एलआयसीचा सुमारे ९ टक्के हिस्सा होता. म्हणजे ज्यांनी शेअर बाजाराचं तोंडही पाहिलं नाही, त्यांच्या हप्त्यांचा पैसा.

ओरड केल्याने फरक पडतो, हेही इथेच दिसलं. केर्न वेदांतमध्ये विलीन करण्याच्या २०१५ च्या प्रस्तावात केर्नच्या एका शेअरमागे वेदांतचा एक शेअर आणि एकच प्रेफरन्स शेअर (ठरावीक दराने लाभांश देणारा) होता. भागधारक अडून बसले, तेव्हा जुलै २०१६ मध्ये एका प्रेफरन्स शेअरचे चार झाले.

तेल शोधण्यात विहीर कोरडी निघते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जमिनीखालचं कुणालाच दिसत नाही. पण म्हणूनच रिग (विहीर खणायचं यंत्र) कुणाची, कंत्राट कुणाला, हे लख्ख दिसायला हवं. कोरड्या विहिरीच्या नावाखाली काय काय बुजवता येईल, याचा विचार करा.

परवा ओळखीच्या एका काकू ई-व्होटिंगची, म्हणजे कंपनीच्या ठरावांवर ऑनलाइन मत द्यायची, मेल डिलीट करायला निघाल्या होत्या. म्हटलं, थांबा, वाचू तरी. एका ठरावात प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला कंत्राट होतं. रक्कम लिहिलेली, दर कसा ठरला ते कुठेच नाही. काकूंनी चष्मा लावून तो ठराव दोनदा वाचला, ओटीपी टाकला आणि ‘विरोधात’ वर बोट ठेवलं.