‘फूटी मऊ झाली’ म्हणणाऱ्यांना एका कॉलिंगवूडवाल्याचं उत्तर

मेलबर्नमध्ये थंडी पडली की एक गोष्ट हमखास होते. कुणा खेळाडूवर दोन-तीन सामन्यांची बंदी येते आणि तोच जुना मजकूर नव्यानं फिरायला लागतो. यंदा तो मराठीत उतरून माझ्यापर्यंत आला. सारांश असा: ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथली फूटी, हा गड्यांचा खेळ होता; डोकं वाचवायच्या नियमांनी तो मऊ केला. चेंडूसाठी झेपावणाऱ्यालाही आता शिक्षा होते. संघ कोचनं निवडायचा की डॉक्टरनं, हेच कळेनासं झालंय. शिवाय खेळाडूंना धोका माहीत असतो, ते त्याचे पैसे घेतात, मग बाकीच्यांनी कशाला गळा काढायचा? इतकीच काळजी असेल तर हेल्मेट घाला.

आधी माझं पाप सांगतो. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री एमसीजीवर फायनल्सचा, म्हणजे अजिंक्यपद ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांचा, पहिला सामना होता: माझा क्लब कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न क्लब. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमच्या ब्रेडन मेनार्डनं किक अडवायला हवेत झेप घेतली. अँगस ब्रेशॉनं मारलेला चेंडू निसटून गेला आणि मेनार्ड तसाच जाऊन त्याच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ जागीच बेशुद्ध. पुढच्या मंगळवारी ट्रायब्युनलनं (लीगचे शिस्तीचे खटले चालवणाऱ्या मंडळानं) मेनार्डला निर्दोष सोडलं, तेव्हा मी फक्त पेढेच काय ते वाटले नाहीत. ३० सप्टेंबरला १,००,०२४ प्रेक्षकांसमोर आम्ही ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून अजिंक्यपद घेतलं, मेनार्ड संघात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रेशॉनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं खेळ सोडला. वय २८. तेव्हा हे उत्तर उंच आसनावरून दिलेलं नाही, त्या रात्री ओरडणाऱ्यांमध्ये मीही होतो.

आता ‘पूर्वीचे गडी’. हा मुद्दा मांडणारा माणूस १९८९ च्या अंतिम सामन्यावर येतोच येतो. हॉथॉर्न विरुद्ध जिलाँग. चेंडू टाकल्या टाकल्या डर्मट ब्रेरटनच्या बरगड्यांवर धडक बसली, तो ओकला, उठला आणि गोल मारून आला. रॉबर्ट डिपियरडोमेनिको फुप्फुसाला छिद्र पडलेलं असताना खेळत राहिला आणि सामना संपल्यावर इस्पितळात गेला. हॉथॉर्न सहा गुणांनी जिंकलं. गोष्ट भारी आहे, मलाही आवडते. पण त्याच सामन्यात त्याच संघाच्या जॉन प्लॅटनच्या डोक्याला मार बसला आणि तो सामनाच त्याला आठवत नाही, हे सांगणारा मजकूर कधी फिरत नाही. ज्यांची गोष्ट सांगायला रंगते तेवढेच ‘गडी’ आपण मोजतो. १९७२ मध्ये कॉलिंगवूडच्या जॉन ग्रीनिंगला चेंडू भलतीकडे असताना पाडण्यात आलं, तो २१ वर्षांचा होता आणि कोमात गेला. मारणाऱ्याला तेव्हाही दहा सामन्यांची बंदी बसली होती. म्हणजे शिक्षा हा काही आजच्या नाजूक मनाच्या लोकांनी लावलेला शोध नाही.

नियम बदलले की खेळ मरतो, हेही दर वेळी ऐकतो. मैदानाच्या मध्यभागी दहा मीटर व्यासाचं बाहेरचं वर्तुळ दिसतं ना, ते २००५ मध्ये आलं. त्याआधी दोन्ही रकमन (वर उडालेल्या चेंडूसाठी झेप घेणारे उंच गडी) लांबून धावत येऊन हवेत गुडघ्याला गुडघा ठोकायचे आणि गुडघ्यामागचा लिगामेंट फाटायचा. वर्तुळ आखलं, धाव आखूड झाली. २०१२ मध्ये सिडनीच्या गॅरी रोहनचा पाय समोरून घसरत आलेल्या खेळाडूखाली सापडून मोडला, तर २०१३ पासून असं पायात घसरणं फ्री किकचा गुन्हा झालं. दोन्ही वेळा ‘संपली फूटी’ म्हणणारे होते. आज त्या वर्तुळाला कुणी नावं ठेवत नाही, कारण ते वर्तुळ नंतर आलंय हेच कुणाच्या लक्षात नाही.

‘चेंडूसाठी गेला तरी शिक्षा’ हा यातला सगळ्यात वजनदार आरोप, म्हणून इथे जरा थांबतो. पहिली गोष्ट, मेनार्ड सुटला. लीगतर्फे सामन्यांतल्या धडका तपासून शिक्षा ठरवणाऱ्या मायकल क्रिश्चन यांना त्यात गुन्हाच दिसला नव्हता. लीगनंच प्रकरण ट्रायब्युनलपुढे नेलं आणि तिथेही तो निर्दोष ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात मेलबर्नच्या जेकब व्हॅन रोयनचा हात चेंडू उडवताना गोल्ड कोस्टच्या चार्ली बॅलर्डला लागला. दोन सामन्यांची बंदी आली, अपील बोर्डानं ती रद्द केली. जुलै २०२४ मध्ये टोबी बेडफर्ड आणि चार्ली कॅमेरन या दोघांच्या टॅकलसाठीच्या (समोरच्याला धरून पाडण्यासाठीच्या) तीन-तीन सामन्यांच्या बंद्याही अपिलात उडाल्या. उलट मोठी शिक्षा कुणाला झाली ते बघा. मार्च २०२४ च्या एका सराव सामन्यात सेंट किल्डाच्या जिमी वेबस्टरनं नॉर्थ मेलबर्नच्या जाय सिम्पकिनला बम्प, म्हणजे अंगाची धडक, मारला. सिम्पकिननं चेंडू केव्हाच दिलेला होता, वेबस्टर उशिरा आला आणि जमीन सोडून आला. सात सामने. यात चेंडूसाठीची झुंज कुठे होती?

नियम नेमका किती मागतो? टक्कर होणार हे दिसत असताना तुझ्याकडे दुसरा पर्याय होता का, आणि असेल तर डोकं वाचवायची जबाबदारी तुझी. मेनार्डनंतर, २०२४ पासून, किक अडवायला उडी घेऊन समोरच्याच्या डोक्यावर आदळलात तर ते साधारणपणे निष्काळजीपणात धरलं जातं. उडी मारायला बंदी नाही. उतरणार कुठे, याचा विचार उडायच्या आधी करायचा आहे.

मात्र एक तक्रार मला मान्य आहे. शिक्षेचं गणित तीन गोष्टींवर बसतं: कृती हेतुपुरस्सर होती की निष्काळजी, संपर्क डोक्याशी होता की अंगाशी, आणि आघात किती मोठा. हा तिसरा आकडा बराचसा समोरच्याला काय झालं यावरून ठरतो. एकसारखीच धडक, एक जण कपडे झटकून उठला तर दंडावर भागतं, दुसरा स्ट्रेचरवर गेला तर तीन सामने किंवा जास्त. मारणाऱ्याचं नशीब मार खाणाऱ्याच्या मानेवर अवलंबून! यावर चाहते चिडतात ते बरोबरच आहे. पण मग मागणी ‘उठून उभा राहिला तरी शिक्षा करा’ अशी यायला हवी. मजकुरात ती उलटी येते.

आता संघनिवड. २०२१ पासून मेंदूला हादरा बसलेला खेळाडू किमान १२ दिवस परतू शकत नाही. लक्षणं रेंगाळली तर आणखी लांबतं. प्रिलिमिनरी फायनल (शेवटून दुसरी फेरी, सेमीफायनलनंतरची) आणि ग्रँड फायनल (अंतिम सामना) यांत एरवी आठवडाच असतो, म्हणजे त्या सामन्यात डोकं आपटलं की ग्रँड फायनल गेली. मजकूरवाल्यांचं म्हणणं, गडी ‘मी ठीक आहे’ म्हणतोय, कोचला तो हवाय, मग मध्ये नियम कोण?

‘मी ठीक आहे’ या साक्षीची किंमत जून २०२४ मध्ये एमसीजीवरच कळली. मेलबर्नच्या ख्रिश्चन पेट्राकाला आमच्या डार्सी मूरचा गुडघा बरगडीत लागला. निव्वळ अपघात, कुणाला शिक्षा झाली नाही, व्हायलाही नको होती. पेट्राका बाहेर गेला, आणि परत मैदानात उतरला. नंतर इस्पितळात कळलं की चार बरगड्या मोडल्यात, फुप्फुसाला छिद्र आहे आणि प्लीहा फाटलीय. बरगडी निदान ठणकते तरी. मेंदूच्या बाबतीत तर जो अवयव दुखावलाय त्याच्याकडूनच आपण साक्ष मागतो. हा नियम मला आवडतो तो याचसाठी की तो कुणालाच विचारत नाही. खेळाडूला शूर ठरायचं नाही, कोचला निर्दय व्हायचं नाही, डॉक्टरला ड्रेसिंग रूममध्ये एकट्यानं वाईट ठरायचं नाही. कॅलेंडर बघायचं आणि दुसरा गडी निवडायचा.

त्यानं संघ बुडतात म्हणावं, तर २०२१ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा कोडी वेटमन सेमीफायनलमध्ये असाच जायबंदी झाला आणि प्रिलिमिनरी फायनलला मुकला. बुलडॉग्ज त्याच्याविना ७१ गुणांनी जिंकले. त्या वर्षी मध्ये दोन आठवडे मिळाले म्हणून तो ग्रँड फायनलला परतला, आणि ते ७४ गुणांनी हरले. (यातून काही सिद्ध होत नाही, पण समोरच्याचा दावाही होत नाही.)

खरं नुकसान कुणाचं होतं ते २०२३ मध्ये बघा. ब्रेशॉ पडला त्या सामन्यात मेलबर्न सात गुणांनी हरलं. पुढच्या शुक्रवारी त्याच्याविना कार्लटनकडून दोन गुणांनी हरलं आणि हंगाम संपला. बंदीमुळे संघ मोडला म्हणून चाहते बोंबलतात. पण ज्यांचा गडी पडला त्या संघाची निवड धडकेनंच आधी बिघडवलेली असते, त्यांना अपील करायला कुठलं बोर्डही नसतं.

‘डॉक्टरचं निमित्त करून संघ फायदा उपटतात’ असंही एक पिल्लू या मजकुरात आहे. याचा अनुभव मराठी वाचकाला घरबसल्या आहे: ३१ जानेवारी २०२५, गहुंजे. इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. फलंदाजाला बदली तेज गोलंदाज कसा, म्हणून जॉस बटलर वैतागला होता. फूटीतही २०२१ मध्ये आणलेल्या वैद्यकीय बदली खेळाडूवर असाच संशय घेतला गेला. लीगनं २०२३ पासून बदली खेळाडू कुठल्याही कारणासाठी खुला केला, वाद मिटला. पळवाट दिसली तर पळवाट बुजवायची असते, डॉक्टरला हाकलायचं नसतं.

राहिलं ‘धोका माहीत असतो’. कुणाला? फूटीतले जुने दिग्गज पॉली फार्मर खेळले ते मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांत. २०१९ मध्ये ते वारले आणि २०२० च्या फेब्रुवारीत कळलं की त्यांच्या मेंदूत सीटीई होता, म्हणजे डोक्यावरच्या वारंवार आघातांशी जोडलेली झीज. या खेळातलं ते पहिलं निदान. मग डॅनी फ्रॉली, मग शेन टक, दोघेही माजी खेळाडू. २०२३ मध्ये हेदर अँडरसनचं निदान जाहीर झालं, तेव्हा जगातल्या व्यावसायिक महिला खेळाडूंमधलं ते पहिलं ठरलं. ती ॲडलेडकडून २०१७ चं अजिंक्यपद जिंकली होती आणि मृत्यूसमयी फक्त २८ वर्षांची होती. या आजाराचं पक्कं निदान मेल्यानंतर मेंदू तपासूनच होतं. जे जिवंतपणी पक्कं कळतच नाही, ते जाणूनबुजून पत्करलं कसं म्हणायचं? आणि १८ व्या वर्षी ड्राफ्टमध्ये (क्लब क्रमाक्रमानं नवी पोरं निवडतात त्यात) निवडलेल्या पोरानं नेमकं काय जाणून सही केलेली असते? २०१४ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा पॅडी मॅकार्टिन २०२३ मध्ये डोक्याच्या दुखापतींपायी निवृत्त झाला. तिसऱ्या क्रमांकाचा गडी म्हणजे ब्रेशॉ. (मधला दुसरा पेट्राका.)

हेल्मेटचं उत्तर एका ओळीचं आहे. मऊ हेल्मेट कातडी वाचवतं, आत कवटीवर हिंदकळणारा मेंदू त्याला धरून ठेवता येत नाही. ७ सप्टेंबरच्या रात्री ब्रेशॉनं हेल्मेट घातलं होतं.