नापासाला पहिला नंबर

कोल्हापुरात फुटबॉलची टीम निवडायची भानगडच नसते. ज्या पेठेत जन्मलास ती तुझी तालीम, विषय संपला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, जे काय नशिबात असेल ते, आणि मग शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून समोरच्या पेठेला शिव्या घालायच्या, घसा बसला की खाली येऊन चहा घ्यायचा. आमची पेठ कुठली ते सांगत नाही, सासुरवाडी दुसऱ्या तालमीची आहे आणि सणावाराला जावं लागतं.

तर असा मी २०१६ साली नोकरीसाठी क्लीव्हलंडला आलो. ओहायो राज्य, वर एरी नावाचा तलाव (तलाव म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही, रंकाळ्याची सवय असलेल्या माणसाला तो समुद्रच), आणि हाडं फोडणारी थंडी. इथला फुटबॉल हातात धरून पळतात हे कळल्यावर पहिल्यांदा जरा हसलो, पण म्हटलं जिथं भाडं भरतो ती आपली पेठ. क्लीव्हलंड ब्राउन्स. भगव्याच्या जवळचा नारिंगी रंग, हेल्मेटवर चित्रबित्र काही नाही, साधा माणूस. आवडली टीम. त्या सीझनला १६ पैकी १ मॅच जिंकली. पुढच्या वर्षी १६ पैकी ०. म्हणजे मी आल्यापासून ३२ मॅचमध्ये १ विजय, बायको याला सरळ माझा पायगुण म्हणते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

जानेवारी २०१८ मध्ये त्या शून्याची मिरवणूक निघाली होती. खोटं नाही सांगत, हजारो लोक त्या थंडीत स्टेडियमभोवती गोल फिरले, गोल का तर शून्याचा आकार. मी पण फिरलो. नाकातलं पाणी मिशीवर गोठलं होतं. शेजारून एक जण कुत्र्याचा मुखवटा घालून चालला होता, तो आमच्याच गल्लीतला निघाला, स्टील मिलमधून रिटायर झालेला, त्याला मी आजोबा म्हणतो आणि आता तोही 'आजोबा' म्हटलं की वळून बघतो. १९६४ ची फायनल त्यानं लहानपणी वडलांच्या मांडीवर रेडिओला कान लावून ऐकलेली. २७-०, आपण जिंकलो. ती शेवटची. त्यानंतर सुपर बोल नावाचा प्रकार (म्हणजे लीगची फायनल) सुरू झाला आणि आपली टीम तिथं आजतागायत एकदाही पोचलेली नाही. आजोबा म्हणाले, काळजी करू नको, एप्रिलमध्ये ड्राफ्ट आहे.

इथून माझी साडेसाती सुरू झाली.

ड्राफ्ट म्हणजे काय हे आईला फोनवर समजावायला मला पाऊण तास लागला होता. कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं, ३२ टीम, सात राउंड, आणि जी टीम सगळ्यात जास्त हरली तिला सगळ्यात आधी पोरगा उचलायचा मान. आई म्हणाली, म्हणजे नापासाला पहिला नंबर? मी म्हटलं, हो. मग तुझी टीम दरवर्षी पहिली असेल. आई चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती, तिला रिझल्ट लगेच कळतो.

बाबांचा प्रश्न वेगळाच. "त्या पोराला इचारलंय का कुणी, हितं यायचं हाय का न्हाई?" मी म्हटलं, बाबा, विचारत नाहीत, नाव पुकारलं की टोपी घालून स्टेजवर जायचं. बाबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरोबर हाय. आमाला तरी पेठ कुणी इचारली हुती."

आता तुम्हाला वाटेल ड्राफ्ट तीन दिवसांचा, त्यात त्रास कसला. त्रास ड्राफ्टचा नाही, त्याआधीच्या चार महिन्यांचा आहे. आपली टीम डिसेंबरातच आटोपलेली असते, बाकीचे लोक जानेवारीत प्लेऑफ बघतात आणि आमच्याकडे चर्चा सुरू. दर शुक्रवारी एका काकांच्या बेसमेंटमध्ये आम्ही सात-आठ जण जमतो. काका सगळ्यांत जुने, तीस वर्षांहून जास्त इथं, टीम १९९५ च्या सीझननंतर मालकानं उचलून बाल्टिमोरला नेली तेव्हा रडलेले, आणि १९९९ ला नवीन टीम आली तेव्हा पेढे वाटलेले. एक अकाउंटंट आहे. एक हाडांचा डॉक्टर आहे, तो प्रत्येक पोराच्या गुडघ्याबद्दल वाईट बोलतो. आजोबा मिसळीसाठी येतात, कट वाटीतून सूप म्हणून पितात. आणि प्रत्येकाचा एक एक पोरगा ठरलेला, त्याच्यासाठी तो मुलीच्या बापासारखा भांडणार.

भांडण नेहमी एकाच जागी येऊन थांबतं, क्वार्टरबॅक. म्हणजे जो बॉल फेकतो तो, टीमचा कर्ता माणूस. १९९९ पासून आमच्याकडे चाळीसहून जास्त कर्ते झाले. एखाद्या घरात इतके जावई आले असते तर लोकांनी मुलगी बघायला जायचं बंद केलं असतं. पहिल्याच वर्षी पहिल्याच नंबरवर टिम काउच घेतला, पाच सीझनमध्ये विषय संपला. २००० साली १८३ नंबरवर स्पर्गन विन नावाचा क्वार्टरबॅक घेतला, आणि १६ नंबर नंतर, १९९ वर, दुसऱ्या टीमनं टॉम ब्रेडी घेतला. ब्रेडीनं पुढे सात सुपर बोल जिंकले. काका हे १६ नंबर असे सांगतात जसं काही गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत फलाटावरून सुटली.

२०१२ चा वीडन तर वेगळाच, आधी बेसबॉल खेळत होता, आमच्याकडे आला तेव्हा वय २८, ज्या वयात बाकीच्यांची दुसरी मोठी डील चाललेली असते. पहिल्याच मॅचआधी मैदानावर तो भला मोठा झेंडा उलगडत होते आणि हा नेमका त्याच्याखाली सापडला, वाकून वाकून बाहेर आला. डॉक्टर म्हणतो तिथंच कळायला पाहिजे होतं. पण त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडपर्यंत रसेल विल्सन, पुढे सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक, मोकळा होता ही गोष्ट डॉक्टर दरवेळी मिसळीच्या दुसऱ्या प्लेटला काढतो, त्यामुळं दुसरी प्लेट कुणाला गोड लागत नाही.

आणि २०१४. तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं की टीमनं एक लाख डॉलर घालून अभ्यास करून घेतला, कुठला क्वार्टरबॅक चांगला, तर उत्तर आलं टेडी ब्रिजवॉटर. आणि मालक जेवायला चालले असताना रस्त्यावरच्या एका बेघर माणसानं सांगितलं, मॅन्झेलला घ्या. मॅन्झेलला घेतलं. दोन सीझनमध्ये तोही गेला. अकाउंटंटला एक लाख डॉलरचं दुःख अजून आहे. मला मात्र ही गोष्ट ऐकल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी उत्साहच आला, म्हणजे ऐकतात तर लोकांचं! फक्त मालक जेवायला कुठं जातात ते शोधायला पाहिजे.

असं नाही की सगळेच चुकले. २००७ ला जो थॉमस घेतला, तो पोरगा ड्राफ्टच्या दिवशी स्टेजवर यायचं सोडून वडलांबरोबर मासे पकडायला गेला होता, आणि इथं येऊन सलग १०,३६३ चालींना मैदानात उभा राहिला, एकदाही बाहेर न बसता. अकरा सीझन. प्लेऑफची एकही मॅच त्याच्या नशिबात आली नाही. काका म्हणतात आपल्याकडे असं एक माणूस प्रत्येक घरात असतं, आणि मग वरच्या मजल्याकडे बघतात, तिथं काकू पुढच्या घाण्याचे वडे तळत असतात.

माझं स्वतःचं काय, तर २०१८. पहिला नंबर आमचा, चौथा पण आमचा, काय श्रीमंती होती! मी दोन महिने जॉश रोझेन, जॉश रोझेन करत होतो. एक्सेल शीट केली होती, रंगीत. जॉश अॅलनबद्दल मी काय बोललो होतो ते डॉक्टरनं फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलंय, "याचा बॉल थेट प्रेक्षकात जातो, तिकीट काढलेल्यांनी हेल्मेट घालून यावं." अॅलन सातव्या नंबरवर बफेलोला गेला, पुढे लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला. लमार जॅक्सन बत्तिसाव्याला गेला, तोही बाल्टिमोरला, म्हणजे आमचीच पळवलेली टीम, तो दोनदा एमव्हीपी. रोझेनला घेणाऱ्या टीमनं त्याला एका वर्षात दुसरीकडे पाठवला. आमच्या टीमनं बेकर मेफील्ड घेतला, त्यानं निदान एक प्लेऑफ जिंकून दिली. म्हणजे माझं ऐकलं नाही हे बरंच झालं, पण हे मी बेसमेंटमध्ये कबूल करत नाही.

२०२२ ला तर टीमनं डेशॉन वॉटसन नावाच्या क्वार्टरबॅकसाठी सलग तीन वर्षांचे पहिल्या राउंडचे नंबर देऊन टाकले, वर २३ कोटी डॉलरचा गॅरंटीड करार. तीन वर्षं आमच्याकडे पहिल्या राउंडच्या गुरुवारी भांडायला काही नव्हतं. अकाउंटंट त्या काळात योगासनं शिकला.

मग २०२४ चा सीझन १७ पैकी ३ जिंकून पार पडला आणि दुसरा नंबर हातात आला. बेसमेंट परत भरलं. आता काय घ्यायचं? एक गट म्हणाला ट्रॅव्हिस हंटर, जो दोन्ही बाजूंनी खेळतो, बॉल पकडतो पण आणि अडवतो पण. दुसरा गट शेडूर सँडर्स, क्वार्टरबॅक, बाप मोठा खेळाडू, घराणं नावाजलेलं. तीन महिने आमच्यात बोलणं फाटलेलं. अकाउंटंटकडे एक तक्ता आहे, डॅलसच्या टीमनं नव्वदच्या दशकात काढलेला, त्यात प्रत्येक नंबरचे पॉइंट ठरलेले, पहिला ३०००, दुसरा २६००, पाचवा १७००, तो सोन्याचा भाव सांगितल्यासारखा ते वाचून दाखवतो.

ड्राफ्टच्या रात्री, २४ एप्रिलला, वाद हाताच्या मापावर आला. इथं क्वार्टरबॅकची वीत मोजतात. खरंच. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, इंचात, सगळ्या देशासमोर. टीमनं मार्चमध्ये केनी पिकेट आणलेला, त्याची वीत साडेआठ इंच, त्यावरून तीन वर्षांपूर्वी केवढा गदारोळ झालेला. मग डॉक्टर म्हणाला आपल्या मोजू. टेप आणली. काका सात, अकाउंटंट साडेसात, मी पावणेआठ, जरा छाती फुगली, तेवढ्यात काकू वड्यांची परात घेऊन खाली आल्या, त्यांनी परात ठेवली, हात टेबलावर पसरला, आठ पूर्ण. आजोबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि काकूंना दुसऱ्या नंबरवर घ्यावं असा ठराव मांडला.

व्हिडिओ कॉलवर बाबा होते, कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच, मफलर, हातात चहा. टीव्हीवर एकेक पोरगा दिसला की बाबा म्हणणार, "मांडी दाखवा की त्येची, तोंड काय बघताय."

आणि टीमनं दुसरा नंबर विकला! जॅक्सनव्हिलला दिला, त्यांनी हंटर उचलला. आम्हाला पाचवा, ३६ वा, आणखी थोडं किरकोळ, आणि पुढच्या वर्षीचा त्यांचा पहिल्या राउंडचा नंबर. एक मिनिट बेसमेंटमध्ये फक्त डीप फ्रीजरचा आवाज. मग सगळे एकदम. अकाउंटंट तक्ता घेऊन खुर्चीवर चढला, १७०० आणि ५४० म्हणजे २२४०, वर पुढच्या वर्षीचा धरला तर आपण फायद्यात! डॉक्टर म्हणाला, पुढच्या वर्षीचा मैदानात पळणार आहे का? पाचव्याला मेसन ग्रॅहम घेतला, धिप्पाड, समोरच्याची भिंत पाडणारा. बाबांना एकदाची मांडी दिसली. "ह्यो बरा हाय," म्हणाले आणि फोन ठेवून फिरायला गेले.

सँडर्सचं नाव त्या रात्री आलंच नाही. शुक्रवारी पण नाही, ३३ गेला, ३६ गेला, ६७ गेला, आणि ९४ ला टीमनं क्वार्टरबॅक घेतला, डिलन गॅब्रिएल, ज्याच्यावर आमच्या बेसमेंटमध्ये चार महिन्यांत एक शब्द कुणी बोललं नव्हतं. वीत मोजायची पण कुणाला इच्छा राहिली नाही. सँडर्सवाल्या गटानं वडे बांधून घेतले आणि घरी गेले.

शनिवारी दुपारी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची लेझीम प्रॅक्टिस होती. चौथा हात चालू असताना एकदम पाच-सहा जणांचे खिसे थरथरले. ढोल चालूच, आम्ही अर्धे लोक लेझीम काखेत मारून फोन बघतोय. १४४ वा नंबर, पाचवा राउंड, शेडूर सँडर्स, क्लीव्हलंड. ज्याला दुसऱ्या नंबरवर घ्यायचं का नाही यावरून काका आणि डॉक्टर सहा आठवडे बोलत नव्हते, तो १४४ व्या नंबरला, आणि तेही एक क्वार्टरबॅक आदल्या रात्रीच घेऊन झाल्यावर. काका ओरडले, बघितलंस, घेतला! डॉक्टर ओरडला, बघितलंस, कुणालाच नको होता! दोघंही जिंकले होते, त्यामुळं भांडण जास्तच पेटलं. लेझीम शिकवणाऱ्या वहिनींनी आम्हाला मागच्या रांगेत टाकलं. मागच्या रांगेत उभं राहून मी मोजलं, आता क्वार्टरबॅक पाच झाले, वॉटसन, पिकेट, परत आलेला म्हातारा फ्लाको, आणि ही दोन पोरं. बॉल मात्र एकच.

रविवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तर आजोबा कुंपणापाशी उभे, हातात छापलेला कागद. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टचा अंदाज. म्हणाले, पोरा, २०२६ ला पहिल्या राउंडमध्ये आपले दोन नंबर आहेत, दोन! मी म्हटलं, आजोबा, काल संध्याकाळी तर संपलाय हो ड्राफ्ट, मला गवत कापायचंय, बायको आतून बघतेय.

कागद बघायला मागितला नव्हता. त्यांनी फक्त जरा माझ्याकडं वळवून धरला. तिसऱ्या नंबरवर त्यांनी जो पोरगा घातला होता तो साफ चुकीचा होता. मी डबा खाली ठेवला.