‘टाच टोचून केलेला रिपोर्ट खोटाच असतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काही जन्मजात आजार वेळेत ओळखण्यासाठी नवजात बाळाची टाच टोचून जे रक्त घेतात, त्या तपासणीबद्दल नव्या आईबाबांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सूर असा: हा सगळा लॅबचा धंदा आहे, दहातले नऊ पॉझिटिव्ह खोटे निघतात, नात्यात लग्न झालेलं नसेल तर असले आजार होतच नाहीत, बाळ नीट दूध पीत असेल तर सहा महिने थांबा, फारच वाटलं तर तीच तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये करा, आणि तोवर अंगावरचं दूध बंद ठेवा.

‘नऊ खोटे’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. समजा, एखादा आजार १०,००० बाळांत एकाला होतो आणि तपासणी हजारात एका निरोगी बाळावरही बोट ठेवते. मग १०,००० बाळांमागे ११ रिपोर्ट लाल येतील आणि त्यातलं एकच बाळ आजारी असेल. पण ते एक कोणतं, हे पुढची तपासणी केल्याशिवाय कळणार कसं?

शिवाय प्रत्येक आकडा सारखा नसतो. जन्मानंतर अर्ध्या तासात बाळाचा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) ६०-८० पर्यंत उसळतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतो. लवकर डिस्चार्ज मिळतोय म्हणून २४ तासांच्या आत रक्त घेतलं, तर तो वाढलेला दिसणारच. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी नमुना घेतल्याची वेळ, जन्माची वेळ, वजन आणि गरोदरपणाचे आठवडे बघायचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत १७-ओएचपी (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषात वाढणारं संप्रेरक) एरवीही जास्त असतं. ४८ तासांनंतरच्या नमुन्यात मात्र टीएसएच ४० च्या वर असेल, तर लगेच शिरेतलं रक्त घेऊन टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) आणि टीएसएच करायचे.

आणि ‘खोटा’ म्हणजे दरवेळी ‘काहीच नाही’ असंही नसतं. सी३ (टाचेच्या रक्तात मोजला जाणारा एक घटक) वाढलेलं दिसलं की मेथिलमॅलोनिक आजाराची, म्हणजे प्रथिनांतले काही घटक शरीराला वापरता न येण्याच्या जन्मजात दोषाची शंका येते, पण आपल्याकडे त्यामागे कित्येकदा आईची बी१२ ची कमतरता असते. आईने वर्षानुवर्षं मांस-अंडी खाल्लेली नसतात, दूधही जेमतेम चहापुरतंच. अशा वेळी बाळाला जन्मजात आजार नसतो. पण आई आणि बाळ दोघांनाही बी१२ द्यावं लागतं.

नात्यातल्या लग्नाचं म्हणाल, तर मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत धोका वाढतो हे खरं. पण यातले बहुतेक आजार दोन्हीकडून सदोष जनुक आल्यावर होतात, आणि ते वाहणारे आईबाप स्वतः ठणठणीत असतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के, मग सोयरीक कुठलीही असो. थायरॉइडच्या जन्मजात कमतरतेला तर बहुतेक वेळा आनुवंशिकता लागतच नाही.

‘सहा महिने थांबा’ हे सगळ्यात घातक. थायरॉइड कमी असलेलं बाळ सुरुवातीला अगदी साधंच दिसतं. फार रडत नाही, भरपूर झोपतं. घरात त्याला ‘गुणी बाळ’ म्हणून कौतुकाने मिरवतात. कावीळ लांबते, शी कडक होते, तेही कुणी मनावर घेत नाही. भारतात साधारण हजारात एका बाळाला हा आजार असतो. गोळी स्वस्त आहे, कुस्करून थोड्याशा आईच्या दुधात देता येते. पण ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी. सहा महिन्यांत मेंदूचं जे नुकसान होतं, ते नंतर भरून निघत नाही. गॅलॅक्टोसेमियासारख्या (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येण्याच्या) आजारात तर पहिला आठवडाच नाजूक असतो.

दुसऱ्या लॅबमधून तीच तपासणी करून घेण्यातही फसगत आहे. चरबीपासून ऊर्जा बनवण्याचे काही दोष जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, पोट रिकामं असताना, ठळक दिसतात. बाळ पोटभर पिऊ लागलं की आकडे नॉर्मलकडे सरकतात. आजार मात्र जागेवरच असतो, आणि पुढे तापात किंवा उपाशीपोटी साखर एकदम घसरते. रक्त चढवलेल्या बाळात गॅलॅक्टोसेमियाची एन्झाइम चाचणी दात्याच्या रक्तामुळे नॉर्मल येऊ शकते. म्हणून ज्या आजाराची शंका, त्याचीच खात्रीची चाचणी करायची: सी३ साठी बी१२, होमोसिस्टीन आणि लघवीतलं मेथिलमॅलोनिक आम्ल, १७-ओएचपीसाठी सोडियम-पोटॅशियम आणि इतर स्टेरॉइड्स.

धंद्याबद्दल मी वाद घालणार नाही. शंभराहून जास्त आजारांची पॅकेजं विकली जातात, आणि रिपोर्ट समजावून सांगायला मात्र कुणी नसतं. पण म्हणून तपासणीच थोतांड ठरत नाही. गोवा सरकारने २००८ मध्ये ती सरकारी रुग्णालयांत सुरू केली, ती काही पॅकेज विकायला नव्हे.

राहिलं अंगावरचं दूध. गॅलॅक्टोसेमियाची दाट शंका असेल तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून तातडीने थांबवतात, खात्रीच्या चाचणीचीही वाट न बघता. पीकेयूमध्ये (प्रथिनांतलं फेनिलअ‍ॅलनिन शरीराला वापरता न येण्याच्या आजारात) खास फॉर्म्युल्याच्या जोडीने ते मोजून चालू ठेवता येतं. टीएसएच वाढलाय किंवा जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी आहे म्हणून दूध तोडायचं काहीच कारण नाही. जी६पीडीत टाळायची असतात ती काही औषधं, आणि आजीने जपून ठेवलेल्या झबल्या-दुपट्यांतल्या डांबरगोळ्या.